नाव न विचारता घेतलेली खोली

शहर ठरलं, तारीख ठरली, क्रेडिट कार्डावरून पैसेही गेले. राहायचं कुठल्या हॉटेलात, एवढंच काय ते अजून माहीत नाही. पैसे परत मिळणार नाहीत. तारीख बदलणार नाही. हॉटेल मनासारखं निघालं नाही तरी तक्रारीला जागा नाही. असा व्यवहार कुठला शहाणा माणूस करेल?

अमेरिकेत लाखो शहाण्या माणसांनी केला, आणि वर चारचौघांत फुशारकीनं सांगितला. कारण २०० डॉलरची खोली त्यांच्या पदरात ९० डॉलरला पडत होती.

हा उलटा बाजार मांडला जे वॉकर नावाच्या उद्योजकानं. त्याची प्राइसलाइन ही कंपनी १९९८ च्या एप्रिलमध्ये विमानाची तिकिटं घेऊन इंटरनेटवर उतरली. हॉटेलच्या खोल्या त्याच वर्षी मागोमाग आल्या. एरवी भाव विकणारा सांगतो आणि घेणारा नाक मुरडतो. इथं आकडा घेणाऱ्यानं बोलायचा आणि नाक मुरडायचं ते विकणाऱ्यानं. या तऱ्हेवर वॉकरनं ऑगस्टमध्ये चक्क पेटंटही मिळवलं. यंत्राचं नाही, औषधाचं नाही, सौदा कसा करायचा याचं पेटंट! पुढच्याच वर्षी एक्सपीडियानं हॉटेलांसाठी असाच प्रकार सुरू केला, तेव्हा प्राइसलाइननं थेट एक्सपीडिया आणि तिच्या पाठीशी असलेल्या मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. २००१ मध्ये तडजोड झाली आणि एक्सपीडियानं रॉयल्टी द्यायचं कबूल केलं.

पण पेटंट घेण्यासारखं त्यात होतं तरी काय? ते कळायला एक बोली लावूनच बघू.

समजा, २००४ साल आहे. न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या एका मराठी इंजिनिअरकडे आईबाबा आले आहेत आणि शनिवार-रविवार त्यांना बॉस्टन दाखवायचं ठरलं आहे. मुलगा कॉम्प्युटरपुढे बसलाय, बाबा मागे उभे.

‘हॉटेल कुठलं रे?’

‘पैसे भरले की कळेल, बाबा.’

‘म्हणजे? आधी पैसे, मग नाव?’

‘हो.’

‘आणि नाही आवडलं तर?’

‘तर आवडून घ्यायचं.’

बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणा आणि पुढे चला. पडद्यावर शहराचा नकाशा आहे, त्याचे विभाग पाडलेले. विमानतळाजवळचा भाग, शहराचा मध्य, नदीपलीकडचा भाग, असे. मुलानं एक विभाग निवडला. मग तारे निवडले: किमान चार. मग आकडा लिहिला: एका रात्रीचे ८० डॉलर. कार्डाचा नंबर टाकला, ‘आता मागे फिरता येणार नाही’ या अटीपुढे नावाची आद्याक्षरं टाकली आणि बटण दाबलं.

थोड्याच वेळात दोनपैकी एक उत्तर येतं. ‘हो’ आलं तर त्याच क्षणी कार्डावरून पैसे वजा होतात आणि हॉटेलचं नाव उघड होतं. ‘नाही’ आलं तर तीच मागणी आकडा वाढवून लगेच पुन्हा करता येत नाही. काही काळ थांबा, नाहीतर विभाग, तारे किंवा तारीख यांपैकी काहीतरी बदला. हमी एवढीच, की खोलीत दोन मोठी माणसं मावतील. पलंग एक मोठा की दोन वेगळे, हेसुद्धा हॉटेलच्या मर्जीवर. म्हणजे आईबाबा आणि मुलगा-सून असे चौघं असतील तर बोली दोन खोल्यांची लावायची.

आता सांगा, ते ‘हो’ म्हणालं कोण?

बहुतेकांच्या मनात एक चित्र असायचं. बॉस्टनमधल्या कुठल्याशा हॉटेलात टाय लावलेला मॅनेजर बसलाय, त्याच्यापुढे ८० चा आकडा झळकतो, तो हनुवटी खाजवतो, रिकाम्या खोल्या मोजतो आणि म्हणतो, ‘जाऊ दे, देऊन टाक.’ प्राइसलाइनच्या जाहिरातीही हेच चित्र रंगवायच्या. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतला कॅप्टन कर्क, म्हणजे नट विल्यम शॅटनर, पुढे या जाहिरातींत घासाघीस करणारा अट्टल ‘निगोशिएटर’ झाला होता.

खरं तर तुमची बोली कुठल्याच मॅनेजरला दिसत नसे. हॉटेलांनी आपापले गुप्त भाव आधीच प्राइसलाइनच्या यंत्रणेत भरून ठेवलेले असत. अमुक रात्री इतक्या खोल्या, अमुक रकमेच्या खाली नाही. तुम्ही ८० म्हणालात की कॉम्प्युटर त्या विभागातल्या, तितक्या ताऱ्यांच्या हॉटेलांचे भाव चाळायचा. एखाद्याचा भाव ६० सापडला की सौदा पक्का. हॉटेलला ६० जायचे. वरचे २० प्राइसलाइनचे.

पुन्हा वाचा. ज्या हॉटेलनं ‘हो’ म्हटलं, ते कधी तुमच्याशी बोललंच नव्हतं. घासाघीस झालीच नव्हती. तुम्ही १०० म्हणाला असता तरी हॉटेलच्या गल्ल्यात तेच ६० पडले असते.

आणि दुसरी गंमत. लिलाव म्हटलं की चढाओढ आली. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉलीभोवती व्यापारी जमतात, एक बोलला की दुसरा त्याच्यावर चढतो. इथं तुमच्यावर चढणारं कोणीच नव्हतं! तुमची बोली दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाच्या बोलीशी ताडून बघितली जात नसे. ती फक्त एका झाकलेल्या आकड्याशी भिडायची. नाव बोलीचं, आणि खेळ अंदाज बांधण्याचा.

आपल्याकडच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखालचा सौदा चालतो तो आठवा. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाआड एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. बैल सगळ्यांपुढे उभा, विकणारा पुढे, घेणारा पुढे. झाकलेला असतो तो फक्त आकडा. प्राइसलाइननं रुमाल उचलला आणि बरोबर उलट्या जागी टाकला. तुमचा आकडा उघड्यावर. बैल रुमालाखाली.

आता खरा प्रश्न. नावाजलेलं हॉटेल, चार तारे, दारात गणवेशातला दरवान. त्यानं २०० ची खोली ६० ला का द्यावी?

कारण खोली हा जगातल्या सगळ्यात नाशवंत मालांपैकी एक आहे. वाटत नाही ना? भिंती तिथंच, पलंग तिथंच, उद्याही असणार. पण हॉटेल भिंती विकत नाही, रात्र विकतं. मंगळवारची रात्र मंगळवारी विकली गेली नाही तर ती बुधवारी विकायला ठेवता येत नाही. शीतगृह नाही, गोदाम नाही. आणि रिकामी खोली ठेवण्याचा खर्च भरलेल्या खोलीपेक्षा फारसा कमी नसतो. इमारतीचं कर्ज, पगार, लॉबीतले दिवे चालूच. पाहुणा आला तर वाढतं काय? चादरी-टॉवेलांची धुलाई, सफाईवाल्या बाईंचा थोडा वेळ, साबण, गरम पाणी. तेवढ्या रकमेच्या वर जे काही मिळेल ते कमाईच.

मग ६० मिळाले तरी घ्यावेत? थांबा. इथंच एक देखणं गणित येतं.

१९७२ साली केन लिटलवुड नावाच्या गृहस्थांनी ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीसाठी एक नियम मांडला. तो हॉटेलला लावून बघू. एक खोली उरली आहे. एक गिऱ्हाईक आत्ता ८० डॉलर देतंय. पण संध्याकाळपर्यंत पूर्ण २०० देणारा कोणी येईलही. काय करायचं? लिटलवुड म्हणतात, त्या दुसऱ्याच्या येण्याची शक्यता काढा. शक्यता शंभरात तीस असेल तर त्याच्या वाटेकडे डोळे लावण्याची किंमत २०० च्या तीस टक्के, म्हणजे ६०. हातातले ८० जास्त, देऊन टाका. शक्यता पन्नास टक्के असेल तर वाट बघण्याची किंमत १००. मग ८० वाल्याला नम्रपणे नाही म्हणा.

एवढंच! पण या दोन ओळींनी किती कोडी सुटतात बघा. तीच बोली रविवारी चालते आणि बुधवारी परत येते, का? कारण बुधवारी शहरात कामासाठी आलेली माणसं असतात आणि त्यांचं बिल कंपनी भरते. बँकांच्या, कचेऱ्यांच्या भागातली हॉटेलं शनिवारी स्वस्त आणि समुद्रकाठची त्याच शनिवारी महाग, का? शहरात डॉक्टरांची मोठी परिषद भरली की चांगली बोलीही का परतते? दर वेळी कुठंतरी कॉम्प्युटर तीच शक्यता मोजत असतो. आणि ही शक्यता तासातासाला बदलते, म्हणून भावही.

विमान कंपन्यांनी हे शास्त्र आधी आत्मसात केलं. १९८५ मध्ये पीपल एक्स्प्रेस ही स्वस्त विमान कंपनी अंगावर आली, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सनं सगळं विमान स्वस्त केलं नाही. किती जागा स्वस्तात सोडायच्या आणि किती राखायच्या, याचा हिशेब कॉम्प्युटरवर सोपवला. पीपल एक्स्प्रेस दोनेक वर्षांत दुसऱ्याच्या पोटात गेली. हा हिशेब मॅरियटसारख्या हॉटेल साखळ्यांनी मग उचलला.

पण स्वस्त भाव ठेवायचा म्हटलं की एक मोठी अडचण उभी राहते. ६० ला खोली द्यायला हॉटेल तयार आहे, ठीक. पण ती बातमी २०० देणाऱ्याच्या कानावर गेली तर? तोही ६० च देईल. दहा रिकाम्या खोल्या भरायच्या नादात शंभर भरलेल्या खोल्यांचा भाव कोसळेल. म्हणजे मध्ये कुंपण हवं, आणि ते असं हवं की काटकसर करणारा त्यातून आत शिरेल आणि साहेब मात्र आपणहून बाहेर राहतील.

विमानवाल्यांकडे असं कुंपण होतं: शनिवारची रात्र. स्वस्त तिकीट हवं असेल तर शनिवारची रात्र परगावी काढा, मग परत या. सहलीला निघालेल्या कुटुंबाला त्याचं काहीच नाही. पण कंपनीच्या कामाला गेलेला माणूस शुक्रवारी घरी परतायला बघतो. तो मुकाट्यानं महाग तिकीट घेतो. एका अटीनं दोन जातींचे प्रवासी चाळणीतून गाळल्यासारखे वेगळे व्हायचे, आणि तेही कोणाचा खिसा न तपासता.

हॉटेलवाल्यांना असं कुंपण सापडत नव्हतं. प्राइसलाइननं ते दिलं. हॉटेलचं नाव झाका! ज्याची बैठक सकाळी नऊला अमुक इमारतीत आहे, ज्याला आपल्या नेहमीच्या साखळीचे पॉइंट हवेत, ज्याचं काम उद्या रद्द होऊ शकतं, तो नाव न कळणारी, परत न करता येणारी, पॉइंट न देणारी खोली घेणारच नाही. ज्याला फक्त स्वच्छ पलंग आणि बऱ्यापैकी भाग हवाय, तो घेईल. शिवाय हॉटेलची अब्रूही शाबूत राहते. ‘अमुक हॉटेल ६० डॉलरला’ असा फलक कुठंच लागत नाही, कारण विकत घेईपर्यंत ते अमुक हॉटेल नसतंच; ते ‘चार तारे, शहराचा मध्य’ एवढंच असतं.

म्हणजे ती सवलत कसली होती? खोलीची नव्हे. खोली तीच, चादरी त्याच, खिडकीतून दिसणारी नदी तीच. गिऱ्हाइकानं जाणून घ्यायचा हक्क सोडला, त्याचे ते पैसे होते. न कळण्याला भाव लागला होता! मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते ती हीच. माहितीला किंमत असते हे आपण जाणतो. पण माहिती नसण्याचा इतका रोकडा, रात्रीगणिक डॉलरमध्ये मोजलेला मोबदला दुसरीकडे कुठं मिळेल?

चांगला माल मुद्दाम थोडा बिघडवून स्वस्तात विकायचा, ही युक्ती मात्र जुनी आहे, आणि तिची वंशावळ गमतीची आहे. फ्रेंच इंजिनिअर झ्यूल द्यूपुई यानं १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल लिहिलं. त्या डब्यांना छप्पर नसे, बाकं लाकडी. लोकांना वाटे, कंपनी कंजूष आहे. द्यूपुईनं दाखवलं की छपराचा खर्च कंपनीला मुळीच जड नव्हता. दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणारा माणूस तिसऱ्यात बसू नये, म्हणून छप्पर नव्हतं. गरिबाला भिजवणं हा हेतू नव्हता. ऐपतदाराला भिजण्याची भीती घालायची होती. गरीब भिजायचा तो भिजायचाच.

दीडेकशे वर्षांनी हीच युक्ती कॉम्प्युटरमध्ये शिरली. इंटेलनं १९९१ मध्ये ४८६ एसएक्स ही स्वस्त चिप आणली. ती म्हणजे महागडी ४८६ डीएक्सच, आतला गणिताचा भाग निकामी केलेली. त्याच सुमाराला आयबीएमनं एक स्वस्त लेझर प्रिंटर काढला. तो मूळ प्रिंटरच्या निम्म्या वेगानं छापायचा, कारण वेग कमी करणारी यंत्रणा त्यात जादा घातलेली होती. म्हणजे स्वस्त माल बनवायला खर्च जास्त! तुलनेत हॉटेलवाल्यांचं बिघडवणं किती सोज्वळ बघा. त्यांनी खोलीला हातही लावला नाही. नुसतं नाव झाकलं, आणि तेही पैसे भरेपर्यंतच.

आता कुंपणाच्या या बाजूला येऊ. झाकलेला आकडा असला की तो उघडायला बघणारी डोकी आलीच. आणि ही डोकी विलक्षण होती.

नियम आठवा: नकार आला की काहीतरी बदलल्याशिवाय लगेच बोली वाढवता येत नाही. पण विभाग वाढवला तर? समजा, तुम्हाला शहराच्या मध्यातच चार ताऱ्यांची खोली हवी आहे. ७० ची बोली परतली. आता असा एक विभाग शोधा, जिथं चार ताऱ्यांचं हॉटेलच नाही. तो यादीत जोडा. यंत्रणेच्या लेखी तुम्ही मागणी बदललीत, म्हणून ७६ ची नवी बोली लावायला मोकळे. पण ‘हो’ म्हणू शकणारी हॉटेलं तीच, मध्यातली. त्या जोडलेल्या विभागात तुम्हाला द्यायला कोणाकडे काही नाहीच! असे रिकामे विभाग चार असतील तर चार फुकट बोल्या. कुठला विभाग रिकामा, हे सांगायची मेहनतही संकेतस्थळच घ्यायचं: तो विभाग एकटा निवडला की वरच्या ताऱ्यांची चौकट टिचकी मारूनही निवडता येत नसे.

लोक मग तक्ते करू लागले. कुठल्या शहरात कुठले विभाग रिकामे, कुठल्या आठवड्यात कोणाची कितीची बोली लागली, कुठलं हॉटेल निघालं, सगळं एकमेकांना सांगू लागले. ८५ ला कोणाला मिळाली हे ठाऊक असलेला माणूस १२० कशाला बोलेल? रुमालाला भोकं पडू लागली. एकेकटं गिऱ्हाईक अंधारात असण्यावर जो धंदा उभा होता, त्यात गिऱ्हाइकं एकमेकांना दिवा दाखवत होती.

तरी एक बोच राहायचीच. बोली लावली, आणि लगेच ‘हो’ आलं. आनंद व्हायला हवा ना? पण पहिला विचार यायचा तो, ‘अरे, जास्त बोललो की काय! ६५ लाही मिळाली असती?’ नकार आला तर खोली नाही म्हणून हळहळ, होकार आला तर पैसे जास्त गेले म्हणून. विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञानं १९६१ मध्येच या दुखण्यावर उतारा सांगितला होता. लिलाव जिंकणाऱ्यानं स्वतःचा आकडा भरू नये, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीचा भरावा. तसं केलं की कमी बोलून बघण्यात काही फायदा उरत नाही. प्रत्येक जण मनातला खरा आकडा सांगून टाकतो. या विचारांसाठी त्याला १९९६ चं नोबेल जाहीर झालं, आणि घोषणेनंतर तिसऱ्याच दिवशी तो वारला. प्राइसलाइनला हा उतारा परवडणारा नव्हता. गिऱ्हाइकाकडून हॉटेलचा झाकलेला भावच घ्यायचा म्हटलं तर मधले २० कोणाचे? कंपनीची कमाई बरोबर त्या बोचेच्या जागी होती.

या मधल्या रकमेवरून पुढे नगरपालिकाही भांडल्या. हॉटेल-कर गिऱ्हाइकानं भरलेल्या पूर्ण रकमेवर की हॉटेलला मिळालेल्या रकमेवर, यावर अमेरिकेतल्या अनेक शहरांनी प्रवास-बुकिंगच्या कंपन्यांना वर्षानुवर्षं कोर्टात झुंजवलं.

शेअर बाजाराला मात्र या कल्पनेनं सुरुवातीला वेडच लावलं. ३० मार्च १९९९ ला प्राइसलाइनचा शेअर १६ डॉलरला बाजारात आला आणि संध्याकाळी ६९ वर बंद झाला. एकही विमान मालकीचं नसलेली, एकही खोली नसलेली, तोट्यात चाललेली कंपनी! वॉकरला वाटलं, खोलीला चाललं ते सगळ्याला चालेल. त्याच्या एका जोडकंपनीनं किराणा मालावर आणि पेट्रोलवर बोली लावायची सोय काढली. सांगा बरं, ती का बुडाली असेल?

उत्तर तुम्हाला आता माहीत आहे. आज न खपलेला साबण उद्या खपतो. साबणवाल्याला कसली घाई? रात्र संपत आली म्हणून साबणाची किंमत शून्य होत नाही. मग गिऱ्हाइकाला दिलेली सवलत कंपनीला बऱ्याच अंशी स्वतःच्या खिशातून भरावी लागली, आणि ऑक्टोबर २००० मध्ये ते दुकान बंद झालं. डॉट कॉमचा फुगा तेव्हा फुटतच होता. प्राइसलाइनचा शेअरही गडगडला. तिला तगवलं ते खोल्यांनी. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत माणसं विमानात बसेनाशी झाली, हॉटेलं ओस पडली, आणि ज्यांना झाकलेल्या भावात खोली विकणं कमीपणाचं वाटे तेही या दारात आले.

मग ही बोली गेली कुठं? आज प्राइसलाइनवर आकडा लिहायची ती चौकट शोधली तर सापडणार नाही. विमानाच्या तिकिटांसाठीची बोली २०१६ मध्ये बंद झाली, बाकीचीही हळूहळू गेली. तिला मारलं ते मुख्यतः कंटाळ्यानं. इल-हॉर्न हान आणि ख्रिस्तियान टेरविश या दोन अभ्यासकांनी २००३ मध्ये एका जर्मन विक्रेत्याकडच्या अशाच बोलींचा माग काढला. माणसं बोली किती-कितीनं वाढवतात यावरून त्यांनी एक अदृश्य गोष्ट मोजली: पुन्हा एकदा आकडा टाकण्याच्या कटकटीची किंमत. ती चांगलीच भरली. बोटांच्या चार टिचक्यांनाही माणूस पैशांत तोलतो! विभाग जोडा, तक्ते बघा, उद्या पुन्हा या, हे ज्यांना खेळ वाटे त्यांनी ते मनापासून केलं. बाकीच्यांना झोपायला खोली हवी होती.

स्पर्धकांनी हे आधीच हेरलं होतं. २००० साली विमान कंपन्यांच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या हॉटवायरनं हॉटेलचं नाव झाकलेलंच ठेवलं, पण भाव सरळ लिहून टाकला: चार तारे, अमुक विभाग, ९० डॉलर, घ्या किंवा सोडा. कुंपण तेच. बोलीचा खेळ तेवढा गळला. आणि खुद्द प्राइसलाइननं २००५ मध्ये १३ कोटी ३० लाख डॉलरला ॲम्स्टरडॅममधली एक कंपनी घेतली, जिथं नाव, फोटो, भाव सगळं उघड, आणि पैसेही बहुधा हॉटेलात पोचल्यावर द्यायचे. ती म्हणजे आजची बुकिंग डॉट कॉम. झाकून विकणाऱ्यानं उघडं विकणारं घेतलं, आणि घेतलेलं पोर इतकं वाढलं की २०१८ मध्ये आईबापांनीच त्याचं आडनाव लावलं: समूहाचं नाव झालं बुकिंग होल्डिंग्ज. त्याआधी जानेवारी २०१२ मध्ये जाहिरातीतला तो निगोशिएटर, शॅटनर, बसमधल्या प्रवाशांना वाचवता वाचवता बससकट दरीत कोसळताना दाखवला. एखाद्या कंपनीनं आपल्याच जाहिरातीतल्या नायकाला इतक्या थाटात मूठमाती दिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. पुढे त्यांनी त्याला परत जिवंत केलं म्हणा. जाहिरातीत सगळं चालतं.

झाकलेली खोली मात्र अजून विकली जाते. प्राइसलाइनवर आणि हॉटवायरवर आजही नाव न सांगता सवलत मिळते. एका प्रकारात तर तीन हॉटेलं नावानिशी दाखवतात आणि म्हणतात, यांतलं एक मिळेल, कुठलं ते पैसे भरल्यावर. अंधार किती करायचा, हेसुद्धा आता मोजूनमापून ठरतं: तिनांत एक इतपतच. कारण पूर्ण अंधार ठेवला तर माणसं घाबरतात, आणि जास्त उजेड केला तर साहेब आत शिरतात. पलीकडे ओळखू पाहणारेही थकलेले नाहीत. पोहण्याचा तलाव आहे, पाळीव प्राणी चालतात, पाहुण्यांनी दिलेले गुण दहापैकी अमुक, एवढ्या खुणा उघड्या हॉटेलांच्या यादीशी ताडून ते पुष्कळदा नाव आधीच काढतात.

एक गोष्ट मात्र आता तिथं झाकता येत नाही. बोलीच्या काळात खोली ९० ला मिळाल्याच्या आनंदात माणूस काउंटरवर पोचायचा, आणि तिथं ‘रिसॉर्ट फी’ नावाची वेगळी रक्कम त्याची वाट बघत असायची. मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार असं प्रत्येक सक्तीचं शुल्क धरूनच भाव दाखवावा लागतो. हॉटेलनं स्वतःचं नाव लपवलं तरी चालतं. शुल्क लपवलेलं चालत नाही. गाडी लावायचे पैसे त्या सक्तीच्या यादीत बसत नाहीत, ते अजून वेगळेच विचारून घ्यावे लागतात.